व्हर्जिलच्या मानेवर पडणारी काडतुसं

पाकिटावर लिहिलं होतं, ‘बहुतेक सर्व सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनना बसतो.’

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ‘बहुतेक सर्व आम्लं बहुतेक सर्व धातूंवर क्रिया करतात’ असं एखाद्या मुलानं पेपरात लिहिलं, तर मी त्याला बहुतेक नापास करीन. पण त्या पाकिटाचं चित्र मी पाहिलं तेव्हा माझ्यातली शिक्षिका शांत झोपली होती आणि दुसरीच कुणीतरी बाई टक्क जागी होती. ती मोहापुढे शास्त्र चालवणारी नव्हती.

त्या पाकिटात हाताच्या अंगठ्याएवढा एक तुकडा होता. त्याला कॅचर म्हणतात. त्याचं काम एकच. बंदुकीतून बाहेर उडणारं रिकामं काडतूस अडवायचं. एवढ्याशा वस्तूपायी मी एका देवभोळ्या गावात बदनाम झाले, कमिटीला सॉसेज हातात धरून मतदान करायला लावलं आणि चर्चच्या तळघरात कॉफीची भांडी घासताना जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवू नये हा धडा शिकले. पण ते सगळं ओळीनं सांगितलेलं बरं.

आमच्या उत्तर मिनेसोटात उन्हाळ्यातला बुधवार हा चकत्या फोडण्याचा वार. गावाबाहेर, मक्याच्या शेतांच्या पलीकडे क्लबची पाच मैदानं शेजारी शेजारी आहेत. प्रत्येक मैदानावर पाच जण एका ओळीत उभे राहतात. पहिल्यानं ‘सोड!’ म्हणायचं, समोरच्या बैठ्या खोलीतून मातीची नारिंगी चकती भिर्रकन उडते, ती फोडायची. मग त्याच्या उजवीकडच्यानं ‘सोड!’ म्हणायचं. असं डावीकडून उजवीकडे. सगळ्यांच्या पाच-पाच गोळ्या झाल्या की सगळे एकेक जागा उजवीकडे सरकतात, शेवटचा पहिल्या जागी येतो, आणि पुन्हा तेच. बाहेरून बघणाऱ्याला यात काय आहे असं वाटतं. माझ्या नवऱ्याला, लोवेलला, गेली कित्येक वर्षं असंच वाटतंय. तो येतो तो सॉसेज खायला.

आमचा संघ डुएन हेगचा. डुएनचं अंत्यविधी गृह आहे आणि संघाचे शर्ट त्यानंच शिवून दिलेत. पाठीवर लिहिलंय, ‘हेग अंत्यविधी गृह. आम्ही घाई करत नाही.’ ओळीत पहिली मार्लिस टॉफ्टे, ती क्लबची सेक्रेटरी. मग मी. माझ्या उजवीकडे व्हर्जिल रुस्टाड, निवृत्त पोस्टमास्तर. मग डुएन. शेवटी ट्रॉय ब्रेकेन, बंदुका दुरुस्त करतो, माझाच जुना विद्यार्थी.

या पाचांत चौघांच्या बंदुका दोन नळ्यांच्या. त्या मधून मोडून उघडायच्या, रिकामं काडतूस दोन बोटांनी काढायचं आणि सभ्य माणसासारखं खिशात टाकायचं. माझी एकटीची सेमी-ऑटोमॅटिक. खांद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते की धक्का कमी बसेल असं काहीतरी घ्या. या बंदुकीचा धक्का कमी, कारण तो जोर ती रिकामं काडतूस बाहेर फेकण्यात घालवते. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. आमच्या मैदानावर तिचं रूप बदलून ती व्हर्जिलच्या मानेवर पडते.

हे मला दोन हंगाम माहीतच नव्हतं. मी समोर चकतीकडे बघत असायचे. व्हर्जिल कधी काही बोलला नाही. व्हर्जिल तसा कशावरच बोलत नाही. त्याच्या घराचं छप्पर वादळात उडालं तेव्हा तो म्हणाला होता, “वारा होता जरा.”

मला हे कळलं चर्चच्या तळघरात. रविवारच्या कॉफीनंतर मी भांडी घासत होते, मार्लिस पुसत होती.

“मी काही म्हणत नाहीये हं, आर्डिस,” मार्लिस म्हणाली. आमच्याकडे असं सुरू झालं की समजायचं, आता बरंच काही येणार. “पण व्हर्जिलची मान बघितलीस?”

“काय झालं मानेला?”

“लाल चट्टा आहे. इथं, कॉलरपाशी. तुझी काडतुसं, दुसरं काय! गरम गरम. टक् टक् टक्. बिचारा.”

“तो काही म्हणाला का?”

“व्हर्जिल? व्हर्जिल म्हणेल होय?” तिनं कप दिव्यासमोर धरून पाहिला आणि माझ्याकडे परत दिला. घासलेला नव्हता म्हणे. “आणि ऐकलंस ना? धान्यकोठीवाल्यांनी त्याला विचारलंय. पुढच्या हंगामात आमच्यात या म्हणून.”

माझ्या हातातून कप निसटलाच. धान्यकोठीचा संघ म्हणजे आमचे जन्माचे वैरी. हंगामाच्या विजेत्याची ढाल वर्षानुवर्षं त्यांच्या ऑफिसात, खताच्या पोत्यांवर धूळ खात पडलेली असते. यंदा पहिल्यांदा आम्ही त्यांच्या बरोबरीला आलो होतो, तेही व्हर्जिलमुळे. त्याची चकती सहसा हुकत नाही. त्याला जर त्यांनी नेलं, तर हेग अंत्यविधी गृहाचाच अंत्यविधी.

“आणि तो का जाणार नाही?” मार्लिस म्हणाली. “तिकडे त्याच्या मानेला कुणी डाग देणार नाही.”

तुम्ही म्हणाल, मग सरळ व्हर्जिललाच विचारायचं की, ‘अहो, तुम्हांला त्रास होतो का?’ आमच्या गावात हे शक्य नाही. सरळ विचारणं म्हणजे माणसाला सरळ उत्तर द्यायला भाग पाडणं. ते दारावर टकटक न करता न्हाणीघरात शिरण्यासारखं आहे. इथं माणूस शेजाऱ्याचं दुःख ओळखतो, ते शेजाऱ्याला कळू न देता निस्तरतो आणि मग त्याबद्दल कुणी आभार मानू नयेत म्हणून विषय हवापाण्यावर नेतो. तेव्हा मी ठरवलं. हंगामाच्या शेवटच्या बुधवारच्या आत व्हर्जिलच्या मानेवर माझं एकही काडतूस पडता कामा नये. आणि त्याला पत्ताही लागता कामा नये.

इथून खरी मजा सुरू झाली. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता. बंदुकीला बाहेरून लावायच्या सुट्या भागांचं एक अख्खं विश्व आहे, आणि मी त्याच्या उंबऱ्यावर इतकी वर्षं पाठ फिरवून बसले होते! स्प्रिंगा, सळया, बटणं, खटके, दस्त्याखालच्या पाचरी, रबरी गाद्या. प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत अटी. हा भाग अमुक घडणीला चालतो, तमुक घडणीला चालत नाही, मात्र तमुक घडणीचा दुसरा भाग बदलला असल्यास चालतो. मूलद्रव्यांच्या तक्त्यानंतर इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर घरी आणून मी बंदुकीच्या अंगाची प्रत्येक मितीत मापं घेतली. लोवेल जेवायला बसला होता.

“मीठ दे,” तो म्हणाला.

“एकोणतीस पूर्णांक चार,” मी म्हणाले.

त्यानं उठून स्वतःच मीठ घेतलं.

पहिलं पाकीट आलं आणि परत गेलं. बंदुकीचा भाग म्हटल्यावर घरातल्या मोठ्या माणसाची सही लागते. मी शाळेच्या उन्हाळी वर्गात, आणि लोवेल मागच्या अंगणात गवत कापण्याच्या यंत्रावर कानाला टोपणं लावून. दुसऱ्या वेळी कागद चिकटवून गेले की पोस्टात येऊन न्या. पोस्ट माझ्या शाळेच्या वेळेत उघडतं आणि शाळा सुटायच्या आत बंद होतं. मी या पेचाचा विचार करत असताना दार वाजलं. दारात व्हर्जिल. हातात माझं पाकीट.

“जातच होतो इकडून,” तो म्हणाला. तो निवृत्त झालाय, पण पोस्टाला अजून तसं वाटत नाही.

ज्याच्यापासून लपवायचं तोच हातात घेऊन उभा! पाकिटावर कॅचरचं ठळक चित्र होतं. मी ते पाठीमागे धरलं.

“कॉफी घेता?” मी विचारलं.

“नको, नको.”

“केलेलीच आहे.”

“छे, उगाच त्रास.”

“रूबार्बच्या आंबटगोड वड्या पण आहेत.”

“बरं, थोडीशी.”

ही आमची रीत. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हो म्हणणारा माणूस हावरट समजला जातो. व्हर्जिलनं दोन कप कॉफी घेतली, तीन वड्या खाल्ल्या आणि एवढा वेळ मी पाठीमागे हात धरून उभी होते. जाताना दारात तो म्हणाला, “कंबर धरली वाटतं.” मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यानं कंबर शेकायची पिशवी आणून दिली.

कॅचर बसला नाही. माझ्या बंदुकीचं अंग वरच्या बाजूला जरासं उतरतं आहे आणि कॅचर सरळ उभ्या अंगासाठी केलेला. मी विकणाऱ्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी अत्यंत गोड होती.

“मॅडम, तुमची बंदूक जुन्या घडणीची की नव्या?”

“तेच मी तुम्हांला विचारतेय.”

“त्या वर्षी मधूनच घडण बदलली. आधीच्या जुन्या, नंतरच्या नव्या.”

“मग माझी कुठली ते कसं ओळखायचं?”

“नव्या घडणीचा कॅचर बसला, तर नवी.”

“पण तो माझ्याकडे नाही.”

“मग मागवा ना, मॅडम!”

आणि मी मागवला. तो व्हर्जिलनंच आणला. (“जातच होतो इकडून.” “कॉफी?” “नको, नको.”) पाकीट उघडलं तर आत नव्या घडणीचा कॅचर होता खरा, पण डावखुऱ्यांच्या बंदुकीचा. तो लावायचा तर मला बंदूक उलटी धरून आकाशाकडे पाय करून नेम धरावा लागला असता. लोवेलनं हे सुचवलंही. त्याचा आणखी एक उपाय होता. “व्हर्जिलला म्हणावं, दोन पावलं लांब उभा राहा.”

“लोवेल, उभं राहायच्या जागा सिमेंटच्या आहेत.”

“मग तू लांब राहा.”

एव्हाना गोष्ट गावभर झाली होती. व्हर्जिल सोडून सगळ्यांना माहीत होतं की व्हर्जिलसाठी आर्डिस क्वाम काहीतरी करतेय, आणि ते व्हर्जिलला कळू द्यायचं नाही. किराणा दुकानात मला सल्ले मिळू लागले. बँकेतल्या बाईंनी त्यांच्या काकांनी बंदुकीला लावलेल्या बटाट्याच्या जाळीबद्दल सांगितलं. डुएनचा सल्ला सर्वांत साधा होता.

“ब्रोकोलीच्या जुडीला जाड रबर असतं ना,” तो त्याच्या खास हळू, मऊ आवाजात म्हणाला. याच आवाजात तो लोकांना शवपेट्या दाखवतो. “ते बंदुकीभोवती घाला. काडतूस त्याला आपटून तिथंच थांबतं. माझे वडील असंच करायचे.”

ब्रोकोली लोवेलला आवडत नाही. आम्ही त्या आठवड्यात चार जुड्या खाल्ल्या, कारण पहिली तीन रबरं मला पुरेशी एकसारखी वाटली नाहीत.

बुधवारी मी रबर चढवून ओळीत उभी राहिले. पहिल्या गोळीला काडतूस रबराला आपटलं आणि तिथंच थांबलं. माझ्या अंगावर आनंदाचे शहारे आले. दुसऱ्या गोळीला ते रबराला आपटलं आणि उलटं फिरून माझ्या शर्टाच्या गळ्यातून आत गेलं.

गरम काडतूस शर्टाच्या आत असताना भरलेली बंदूक हातात असेल तर काय करावं, याचा नियम क्लबच्या पुस्तकात आहे. बंदूक समोर रोखून स्तब्ध राहावं. मी बंदूक समोर रोखली. मानेच्या वर मी अगदी नियमाप्रमाणे होते. मानेच्या खाली जे चाललं होतं त्याला पुढं गावात ‘क्वामबाईंचा पोल्का नाच’ म्हणू लागले. शेजारच्या मैदानावरच्या धान्यकोठीवाल्यांनी नेमबाजी थांबवून टाळ्या वाजवल्या. मी ज्यांना मूलद्रव्यं शिकवली ती मोठाली माणसं डोळे पुसत होती. व्हर्जिल तेवढा समोर बघत उभा होता. त्याची पाळी आल्याचं त्याच्या लक्षातच आलं नाही, आणि मग त्यानं घाईनं ‘सोड!’ म्हणून चकती हुकवली.

“बघ,” मार्लिस माझ्या कानाशी म्हणाली. “पुढचं कुठं पडेल या धास्तीनं बिचारा हलला.”

मग मी ट्रॉयकडे गेले. गावाच्या टोकाला गळाचे किडे विकतात, त्या दुकानाच्या मागं त्याचं वर्कशॉप आहे. रसायनशास्त्रात मी त्याला कसाबसा पुढे ढकलला होता आणि ते तो विसरलेला नाही.

“बाई,” बंदूक उघडून तो म्हणाला, “तुम्ही शिकवायचात ना, मूळ कारण शोधा. काडतूस मागं फिरतंय कारण स्प्रिंग दमलीय. स्प्रिंग बदलू या.”

“कुठली घालणार?”

“ही. बाहेरच्या कंपनीची आहे, पण मस्त मऊ. सगळ्यांना बसते.”

‘सगळ्यांना’ हा शब्द ‘बहुतेक’पेक्षा वाईट आहे, हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. पण ती स्प्रिंग तळहातावर अशी चमकत होती! आम्ही दोघंही तिच्याकडे लहान मुलांसारखे बघत राहिलो आणि गणित करायचं विसरलो. स्प्रिंग मऊ झाली की बंदुकीच्या आतला सरकता भाग जास्त वेगानं मागं जातो. तो जास्त वेगानं मागं गेला की काडतूस जास्त लांब उडतं.

पुढच्या बुधवारी माझं काडतूस व्हर्जिलच्या मानेवर पडलं नाही. ते त्याच्या डोक्यावरून गेलं आणि त्याच्या पलीकडच्या डुएनची टोपी उडवली. डुएननं टोपी उचलली, झटकली, पुन्हा घातली. पुढच्या गोळीला ती पुन्हा उडाली. तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि सावकाश म्हणाला, “वेगळंच आहे हं हे.”

आमच्याकडे यापेक्षा मोठी शिवी नाही. मी घरी गेले आणि जेवले नाही. वर व्हर्जिलच्या त्या दिवशी कितीतरी चकत्या हुकल्या. त्याला सर्दी झाली असेल असं सगळ्यांनी ठरवलं आणि चौघींनी त्याच्या दारात कोंबडीचं सूप ठेवलं.

ट्रॉयनं जुनी स्प्रिंग परत घातली. आता मी हट्टाला पेटले होते. मापं पुन्हा घेतली, फोनवरच्या त्या गोड मुलीशी इतक्यांदा बोलले की तिच्या लग्नाची तारीख मला कळली, आणि शेवटी जुन्या घडणीचा, उजव्या हाताचा, उतरत्या अंगाचा पोलादी कॅचर मिळाला. ट्रॉयनं त्याला खाली एक पातळ पत्रा दिला, दोन बारीक स्क्रूंनी तो असा बसवला की जन्मतः बंदुकीबरोबर आलाय असं वाटावं. “आणि स्क्रूंना पक्कं करायचा डिंक लावलाय, बाई,” तो अभिमानानं म्हणाला. “आता प्रलय आला तरी निघणार नाही.”

प्रलयाच्या आधी कमिटी आली. बंदुकीला बाहेरून काही पक्कं बसवलं तर क्लबच्या कमिटीनं ते पाहून मंजूर करायचं, असा नियम आहे. कमिटी महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसते, आणि तो सोमवार शेवटच्या बुधवारनंतर येत होता.

“तातडीची सभा घे ना,” मी मार्लिसला म्हणाले. “तूच तर हे सुरू केलंस!”

“मैत्रीण म्हणून मी पहिल्यापासून तुझ्या बाजूला आहे,” मार्लिस म्हणाली, “पण सेक्रेटरी म्हणून मला यातलं काही माहीत नाही. तातडीच्या सभेची सूचना काचेच्या फळ्यावर लावावी लागते.”

“मग लाव.”

“फळ्याची किल्ली सांभाळतो आर्नी. आर्नी मासे मारायला कॅनडात.”

आर्नीच्या बायकोनं आर्नीचे सगळे खिसे झाडले. किल्ली निघाली त्याच्या चर्चच्या कोटात. सूचना लागली, सभा भरली, चार म्हाताऱ्यांनी माझा कॅचर हातोहात फिरवला, पाऊण ताट वड्या संपवल्या आणि ‘वाईट नाही’ असा निर्णय दिला. यापेक्षा मोठी स्तुतीही आमच्याकडे नाही.

आणि मग तो बुधवार. संपूर्ण गाव लोटलं होतं. आम्ही आणि धान्यकोठीवाले अगदी बरोबरीत. दोन फेऱ्या, ज्यांच्या चकत्या जास्त त्यांची ढाल. पाचही मैदानांवर धडाधडा चाललं होतं, सॉसेजच्या शेगडीचा धूर सरळ वर जात होता.

मार्लिसनं फोडली. मी म्हणाले, ‘सोड!’ चकती उडाली, फुटली. आणि काडतूस? काडतूस कॅचरमध्ये, शहाण्या मुलासारखं बसून राहिलं! मी ते दोन बोटांनी काढून खिशात टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा सभ्य माणसासारखं. मला ओरडावंसं वाटलं. मी उजवीकडे चोरून पाहिलं. व्हर्जिलची मान कोरी करकरीत.

व्हर्जिल बंदूक खांद्याला लावून उभा होता. उभाच होता.

ओळ थांबली. मागून गुण लिहिणाऱ्यानं खाकरून घेतलं. डुएननं मान वळवली. व्हर्जिल एकदम दचकला, ‘सोड!’ म्हणाला आणि चकती अखंड मक्यात जाऊन पडली. गर्दीत ‘अरेरे’ झालं. पुढच्या वेळी तो माझ्या आधीच ‘सोड!’ म्हणाला. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा थांबला. एकदा दोघं एकदमच ओरडलो. माझ्या सगळ्या फुटत होत्या आणि त्याच्या एकाआड एक हुकत होत्या. पहिली फेरी संपली तेव्हा धान्यकोठीवाले आमच्या बरेच पुढे होते, आणि डुएनच्या चेहऱ्यावर त्याचा धंद्याचा भाव आला होता.

“वय झालं,” मार्लिस कुजबुजली. “आता कोठीवालेसुद्धा नेणार नाहीत त्याला.”

व्हर्जिल बाकावर बसला होता. कानावरचे आवाज अडवणारे मफ काढून मांडीवर ठेवलेले. मी त्याच्या शेजारी बसले. हवापाण्यावर दोन वाक्यं बोलायला हवी होती. मी बोलले नाही. आमच्या खानदानात कुणी केलं नव्हतं ते मी केलं. सरळ विचारलं.

“व्हर्जिल, काय होतंय तुम्हांला?”

“वाईट नाही,” तो म्हणाला.

“व्हर्जिल!”

त्यानं मांडीवरचे मफ उचलले. “तू मारलंस कधी तेच आज कळत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“पाच मैदानांवर बार चाललेत. कानावर हे मफ. त्यात डावा कान माझा गेलेला, तो काही मी कुणाला सांगत बसलो नाही. प्रत्येक बार सारखाच वाटतो. तुझ्याकडे बघायला मान वळवावी तर नजर चकतीवरून हलते.” त्यानं मफ उलटसुलट केले. “तुझं काडतूस मानेला लागायचं ना. टक्. की मी म्हणायचं, सोड. छान चाललं होतं दोन वर्षं. हल्ली तू ते कुठं ठेवतेस कोण जाणे.”

“पण तुमच्या मानेवर चट्टा… तो लाल चट्टा?”

व्हर्जिलनं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “डुएनच्या शर्टाचं लेबल. फार टोचतं. त्याला सांगू नकोस, वाईट वाटेल.”

मी उठले ती धावतच सुटले. “ट्रॉय! कॅचर काढ!”

“बाई, काय? आत्ता?”

“आत्ता!”

“निघणार नाही बाई, तो डिंक…”

“डिंक तापला की मऊ पडतो. हे मी तुला अकरावीत शिकवलंय!”

“त्या दिवशी मी आलो नव्हतो.”

मी बंदूक रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं, मग ट्रॉयला दाखवलं. त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला. मी तो हिसकावला आणि सॉसेजच्या शेगडीवर धरला. लोवेल रांगेत पहिला होता. “आर्डिस,” तो घाबरून म्हणाला, “मोहरीची चटणी लावणार का त्याला?” तापलेलं टोक मी पहिल्या स्क्रूवर टेकवून धरलं. जळक्या डिंकाचा वास आला. इतका सुंदर वास!

“थांबा!” मार्लिस मध्ये आली. “बंदुकीचा भाग काढायलाही कमिटीची मंजुरी लागते.”

“मार्लिस, कमिटी कुठंय?”

कमिटी शेगडीभोवतीच उभी होती, चारही जण, हातात पाव आणि सॉसेज. मी एका श्वासात सगळं सांगितलं. लेबल तेवढं वगळलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चार सॉसेज एकामागून एक वर गेले.

“मंजूर,” मार्लिस म्हणाली, आणि आधी तीच माझ्यासाठी वाट करत पळाली.

दुसऱ्या फेरीला मी ओळीत उभी राहिले. व्हर्जिलला मी काहीच सांगितलं नव्हतं. वेळ नव्हता, आणि एका दिवसात दोनदा सरळ बोलणं मला झेपलं नसतं.

मार्लिसनं फोडली. मी म्हणाले, “सोड!” फट्. माझं काडतूस चकाकत, गिरक्या घेत उजवीकडे निघालं, त्या दिवसाइतकं सुंदर ते कधी उडालं नव्हतं, आणि व्हर्जिलच्या मानेवर पडलं.

“सोड!” व्हर्जिल म्हणाला. चकतीचा धूर झाला.

टक्, सोड, फट्. टक्, सोड, फट्. गुण लिहिणारा आकडे पुकारायचंच विसरला. गर्दी आमच्या मागं सरकत आली. शेजारच्या मैदानावरची माणसं थांबून बघू लागली. लोवेलला मी जन्मात पहिल्यांदा सॉसेज खाली ठेवून उभा राहिलेला पाहिला. मी ओळीच्या शेवटच्या जागी गेले की व्हर्जिल दूर पहिल्या जागी जातो, तिथं माझं काडतूस पोचत नाही. त्या जागी त्याची एक हमखास हुकते आणि आम्ही दोन हंगाम त्याचा दोष उन्हाला देत होतो. ती एक हुकली. बाकी सगळ्या फुटल्या. शेवटच्या जागेवर आलो, आणि शेवटची चकती त्यानं फोडली तेव्हा मी नियम मोडून ओरडले.

आम्ही एका चकतीनं हरलो.

कुणाला वाटलं असतं की आता सगळे खट्टू होतील. पण सगळं मैदान असा गलबला करत होतं जसं काही आम्हीच जिंकलोय. डुएननं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, “वाईट नाही, आर्डिस. मुळीच वाईट नाही.” एवढं त्याला एका वेळी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात धान्यकोठीच्या संघाचा कप्तान ढाल काखेत मारून आमच्याकडे आला. तो व्हर्जिलसमोर उभा राहिला, हवेबद्दल बोलला, मक्याबद्दल बोलला, आणि मग पुटपुटला, “तर मग, व्हर्जिल, पुढच्या हंगामाचं आम्ही विचारलं होतं…”

मार्लिसनं माझं कोपर इतकं दाबलं की त्याची खूण अजून आहे.

व्हर्जिलनं त्यांच्या रॅकवर ओळीनं लावलेल्या बंदुकांकडे पाहिलं. सगळ्या दोन नळ्यांच्या, लखलखीत, महागड्या.

“नको, नको,” तो म्हणाला.

कप्तान ओशाळून हसला. आमच्याच गावचा तो. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, मग रीतीप्रमाणे तिसऱ्यांदाही.

“नाही,” व्हर्जिल म्हणाला. नुसतं ‘नाही’ अख्ख्या गावानं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आणि मग, माणूस उगाच दुखावला जाऊ नये म्हणून, त्यानं कारणही देऊन टाकलं.

“तुमच्या बंदुका चांगल्याच आहेत. पण त्या माणसाला काही कळवत नाहीत.”